जरा वेळानं…

पालकसभेत मोबाईलचा विषय निघाला नाही, असं गेल्या पाच-सहा वर्षांत मला आठवत नाही. "टीचर, पुस्तक उघडून बसतो, पण पान काही उलटत नाही." "काम सांगितलं की 'करता हूँ ना अम्मी, पाँच मिनट', आणि ती पाच मिनिटं ईशापर्यंत संपत नाहीत." आया तक्रार करतात, अब्बा लोक मागे उभं राहून मान डोलावतात आणि मी काहीतरी रामबाण सांगेन म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. सुचेल ते मी सांगतेही. पण मनात येतंच, की ही 'पाँच मिनट' मुलं शिकली कुठून? घरात रोज ऐकल्याशिवाय कुठलाही शब्द मुलाच्या तोंडी इतका पक्का बसत नाही. तेव्हा वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, या महिन्यात मुलांना जरा बाजूला ठेवू या आणि आपण मोठ्यांबद्दल बोलू या.

मी वर्गात उर्दूही शिकवते आणि मराठीही, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं. मराठीत या सवयीला चालढकल म्हणतात. शब्द ऐकला की हातगाडी ढकलणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. गाडी जागची हलते खरी, पण फक्त आजच्या तारखेवरून उद्याच्या तारखेवर. उर्दूत आपण टालमटोल म्हणतो, नाहीतर 'आज-कल करना'. अरबीत शब्द आहे तस्वीफ, आणि तो मला सगळ्यांत बोलका वाटतो. अरबी क्रियापदाच्या आधी 'सौफ' हा छोटा शब्द लागला की भविष्यकाळ होतो: करीन, जाईन, देईन. त्या 'सौफ'वरून तस्वीफ, म्हणजे माणसाचं कायम 'करीन, करीन' असं चालणं. बाराव्या शतकातले बगदादचे आलिम इब्नुल जौजी यांनी 'तल्बीस इब्लीस' या ग्रंथात सैतान कोणाला कसा चकवतो याची प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत. राज्यकर्ते, आलिम, जाहिद, सूफी, सामान्य लोक, कोणालाही सोडलेलं नाही. शेवटी मात्र त्यांनी सगळ्यांना सारखीच लागू होणारी फसवणूक घेतली आहे, ती लांबलचक आशेची. अजून वेळ आहे, नंतर बघू. त्यांच्या काळात मोबाईल नव्हता, हे आपण लक्षात ठेवलेलं बरं. सगळा दोष त्या चौकोनी डबीवर टाकता येत नाही.

आता एक गैरसमज. चालढकल करणारा माणूस आळशी असतो, असं आपण पटकन म्हणून टाकतो. तसं नसतं. बँकेचा फॉर्म भरायचा असेल त्या दिवशी कितीतरी बायका ट्रंकेतल्या गोधड्या काढून धुतात. गोधडी धुणं हे फॉर्म भरण्यापेक्षा दसपट कष्टाचं काम आहे. आळस असता तर गोधडी कशाला धुतली असती? फॉर्मच्या कामाला चिकटलेली भीती टाळायची असते. चुकलं तर, साहेबानं हटकलं तर, सही जुळली नाही तर? मानसशास्त्राच्या अभ्यासक फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ साली नेमकं हेच मांडलं. चालढकल हा घड्याळाचा प्रश्न कमी आणि मनाचा जास्त आहे. काम समोर आलं की जी अस्वस्थता वाटते, तिच्यापासून या क्षणी सुटका करून घ्यायची आणि बिल पुढच्या 'मी'च्या नावावर फाडायचं.

वर्गात मी हे रोज बघते. आमची मुलं उर्दू माध्यमाची. सकाळपासून उजवीकडून डावीकडे लिहिलेलं असतं, आणि मराठीच्या तासाला पेन डावीकडून उजवीकडे चालवायचं. बोलायला मराठी येते, बाजारात, मैदानावर झकास बोलतात. कागदावर निबंध म्हटला की हात थांबतो. एक मुलगा होता सातवीत. निबंध लिहा म्हटलं की आधी पट्टीने समास आखायचा, मग तारीख घालायची, मग पेन्सिलला टोक करायचा, मग पाणी प्यायला जायचा. परत आला की समास वाकडा आलाय म्हणून नवं पान घ्यायचा. तास संपायचा, पान कोरं. इतर शिक्षकांच्या मते तो टिवल्याबावल्या करत होता. मी त्याला एकदा म्हटलं, "तीनच ओळी लिही. ऱ्हस्व-दीर्घ मी आज बघणारच नाही." त्यानं नऊ लिहिल्या. 'स्वयंपाक' चुकला होता, 'भाकरी' बरोबर होती, आणि त्याची अम्मी भाकरी थापताना कशी बोलत राहते ते इतकं छान लिहिलं होतं की मी ते वर्गाला वाचून दाखवलं. त्याला निबंध नको होता असं नाही, त्याला लाल शाई नको होती.

ही गोष्ट मोठ्यांनाही तशीच लागू आहे. जे काम आपण महिनोन्महिने ढकलतो आहोत त्याच्याकडे बघून 'मी का करत नाही' असं स्वतःला रागावण्यापेक्षा 'मला यातलं नेमकं काय नको आहे' असं विचारून बघा. उत्तर बहुतेक वेळा छोटं निघतं. कोणाला तरी फोन करायची भीड, एखाद्या कागदावरचं न कळलेलं वाक्य, किंवा भावजयीसमोर हात पसरावा लागेल ही लाज.

इथे बायकांच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. चालढकल वेगळी आणि व्यत्यय वेगळा. घरातल्या बाईचा दिवस तिच्या हातात सलग येतच नाही. तो तुकड्या-तुकड्यांनी येतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी कोणीतरी हाक मारतं. सासऱ्यांचा चहा, गॅसवाला, मदरशातून आलेलं लेकरू, दारात शेजारीण. आमच्या मोहल्ल्यात एका सुनेनं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. पुस्तकं आली, कपाटावर चढली आणि वर्षभर तिथंच राहिली. घरचे म्हणायचे, "हिला हौस आहे, पण बसत कुठंय?" तिनं एक आठवडाभर एका वहीत नुसतं टिपून ठेवलं की पुस्तक हातात घेतल्यावर किती मिनिटांनी उठावं लागलं. सगळ्यांत लांब बैठक निघाली सतरा मिनिटांची. ती वही तिनं भांडायला वापरली नाही. नवऱ्याला नुसती दाखवली. तो बिचारा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहिणारा माणूस, त्याला आकडे लगेच कळले. मगरीबनंतर ईशापर्यंत मुलं त्याच्याकडे, आणि फज्रनंतर घर जागं होईपर्यंतचा वेळ तिचा. दुसऱ्या वर्षाला ती आता आहे. तिला कोणी 'वेळेचं नियोजन' या विषयावर भाषण दिलं असतं तर मला वाटतं तिनं ते पुस्तक डोक्यात घातलं असतं.

आता मोबाईलकडे येऊ. त्याच्याबद्दल दोन गोष्टी माहीत असल्या की राग थोडा कमी होतो आणि सावधपणा थोडा वाढतो. पूर्वी वेबसाईटवर पान संपलं की 'पुढचं पान' असं बटण असायचं. तिथं माणूस क्षणभर थांबायचा. पुरे झालं, असं त्याला वाटायचं. २००६ साली अझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरनं अशी रचना केली की पान संपतच नाही. बोट वर सरकवलं की खालून नवं येत राहतं. पुढे त्याचे परिणाम बघून त्यानं स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. म्हणजे आपली 'एकच रील बघते' ही प्रतिज्ञा मोडते त्यात आपली इच्छाशक्ती कमी पडते हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की समोरची वस्तू थांबण्याची जागा काढूनच बनवली आहे. ताटात भाकरी संपली की आपण उठतो. दर घासाला नवी भाकरी आपोआप येत राहिली तर कधी उठणार?

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांची. २०१७ साली त्यांनी जवळजवळ ८०० स्मार्टफोनधारकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. डोकं चालवायची कामं दिली, आणि काहींचे फोन टेबलावर उपडे, काहींचे खिशात किंवा पिशवीत, तर काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवायला लावले. फोन सगळ्यांचे गप्प होते. तरीही दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांना सगळ्यांत चांगलं जमलं. नंतरच्या काही अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण आमच्या घरचा अनुभव मला पहिल्या बाजूला झुकवतो. अभ्यासाच्या वेळी फोन स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यावर ठेवला की मुलाला तो आणायला उठावं लागतं, आणि उठताना लाज वाटते. टेबलावरचा फोन उचलायला लाज वाटत नाही.

फॅमिली ग्रुपबद्दल मी फार बोलत नाही, कारण माझे नातेवाईकही हे मासिक वाचतात. एवढंच म्हणते, की शुक्रवारी सकाळपासून 'जुम्मा मुबारक'ची चित्रं इकडून तिकडे पाठवता-पाठवता खुतबा सुरू झाल्यावर मशिदीची पायरी चढणारे काही बंधू मला माहीत आहेत.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. पण आपल्या घरांत काही कामं अशी आहेत की ती ढकलण्याची किंमत रोज वाढत जाते, आणि ती बहुतेक वेळा आपल्याला नाही, आपल्या मुलांना भरावी लागते. मी शाळेत आहे म्हणून कागदपत्रांबद्दल बोलते. ते मी जवळून बघितलं आहे.

घरात बाळ आलं की सातव्या दिवशी अकीका होतो, नाव ठेवलं जातं, बकरा ठरतो, मामाकडचे कपडे येतात. यात कोणी चालढकल करत नाही, माशाअल्लाह. जन्माची नोंद मात्र राहते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे ती २१ दिवसांत द्यायची असते. तीस दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क भरून होते. तीस दिवसांनंतर वर्षाच्या आत असेल तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. बघा, तेच काम, तेच बाळ, तोच कागद, पण दिवस गेले तसा दरवाजा बदलत गेला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर नोंद दवाखान्याकडून जाते, हे खरं. पण बाळाचं नाव ठरलेलं नसतं म्हणून नावाची जागा कोरी राहते, आणि ती कोरीच राहते. बारा महिन्यांत नाव घालायला पैसे पडत नाहीत. त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढच्या सगळ्या कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. आजी सांगते ती रमजानची सत्तावीसवी रात्र तिथं चालणार नाही.

नावाच्या स्पेलिंगचं तर काय सांगावं. जन्मदाखल्यावर महंमद, शाळेत मोहम्मद, आधारवर मो. आणि एक टिंब. अब्बांच्या नावापुढे एका कागदावर शेख आहे, दुसऱ्यावर नाही. अम्मीचं नाव एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं. मूल शाळेत शिकत असेपर्यंत शाळेच्या रजिस्टरातली चूक पुराव्यानिशी दुरुस्त करून घेण्याचा रस्ता असतो. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तोच रस्ता फार लांबचा होतो. दहावीचा फॉर्म भरताना मी मुलांना घरी विचारून या म्हणते. मुलं परत येऊन सांगतात, "अब्बा बोले, बादमें देखेंगे." हे 'बादमें' पुढे पासपोर्टच्या खिडकीवर उभं असतं, आखाती देशातली नोकरी हातात येऊनसुद्धा.

जातीच्या दाखल्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती एका हुशार मुलीची आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या बऱ्याच बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडतो. आमच्याकडून दहावी झालेल्या या मुलीला औषधनिर्माणशास्त्राची पदवी करायची होती. तिच्या आजोबांची शाळा शेजारच्या तालुक्यातल्या एका खेड्यात. जाऊन रजिस्टरचा उतारा आणायचा, एवढंच पहिलं पाऊल. वडिलांचा फळांचा गाडा. माणूस आळशी म्हणाल तर पहाटे तीनला उठून बाजार समितीत लिलावाला उभा राहणारा. पण कचेरीचं नाव काढलं की पुढच्या सोमवारवर. मुलगी नववीत असल्यापासून तो सोमवार पुढे जात होता. धंद्याचा एक दिवस बुडणार हे कारण तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण त्यानं नंतर सांगितलं: एकदा तरुणपणी कुठल्याशा टेबलावर त्याला अर्ज नीट वाचता आला नाही म्हणून चारचौघांत बोलणी बसली होती. तो त्या टेबलाला घाबरत होता.

बारावीचा निकाल लागला आणि मग धावपळ सुरू झाली. जून महिन्यात तर सगळा तालुकाच तहसीलच्या दारात असतो. दाखला कसाबसा झाला, जात पडताळणी वेळेत झाली नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या इतर मागासवर्गातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. या मुलीला ती माफी कागदाअभावी घेता आली नाही. खुल्या प्रवर्गातून जागा मिळत होती, पण ती फी फळांच्या गाड्यावर झेपणारी नव्हती. एक वर्ष ती घरी बसली. पुढच्या वर्षी गेली, अल्हमदुलिल्लाह, पण बरोबरीच्या मैत्रिणी पुढे निघून गेल्याचं दुःख अठराव्या वर्षी लहान नसतं. आणि मधल्या वर्षात दोन स्थळं दारात येऊन गेली, त्यातलं एक घरच्यांना जवळजवळ पसंत होतं, हेही लिहून ठेवते.

त्या वडिलांना मी दोष देत नाही. मला वाटतं, त्यांच्यासोबत कोणी त्या खेड्यात गेलं असतं तर काम चार वर्षांपूर्वी झालं असतं. ज्याला जे काम भीतीदायक वाटतं, ते त्याच्या भावाला, मेहुण्याला, शाळेतल्या शिक्षकाला फार तर कंटाळवाणं वाटतं. कामांची अदलाबदल का करू नये? तू माझा अर्ज भर, मी तुझ्या अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणते.

इबादतीतही आपण हे करतो. भगिनींना वेगळं सांगायला नको, रमजानमध्ये सुटलेले रोजे. ईद झाली की वाटतं, अकरा महिने पडले आहेत. मग पाहुणे, मग शाळा, मग लग्नसराई, आणि शाबानचा चंद्र दिसला की बोटांवर मोजणी सुरू. हजरत आयशा (रजि.) आपले राहिलेले रोजे शाबानमध्ये पूर्ण करत असत, असं हदीसच्या ग्रंथांत आलं आहे, आणि त्याचा आधार आपण मोठ्या आनंदाने घेतो. पण त्यांना ते आधी जमत नसे, असंही तिथंच आलं आहे. शाबान ही शेवटची मुदत झाली, मुहूर्त नव्हे. व्यवहाराचंच बोलायचं तर डिसेंबरात आपल्याकडे सहरी ते इफ्तार हा वेळ मे महिन्यापेक्षा दोन तासांनी तरी कमी असतो, आणि घशाला कोरड पडत नाही. माझ्या ओळखीच्या तिघी जावा थंडीत दर सोमवारी आणि गुरुवारी एकत्र रोजा ठेवतात. एकीनं सहरीला उठवायचं, दुसरीनं इफ्तारीचं बघायचं. एकटीनं ठरवलं असतं तर पहिल्याच गुरुवारी कोणाचं तरी डोकं दुखलं असतं.

उपाय मी फार सांगणार नाही. एकच सांगते, जो आपल्या घरांत आधीच अर्धा तयार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी १९९९ साली लिहिलं, की नुसतं 'मी हे करणार' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं ठरवणाऱ्यांचं काम जास्त पार पडतं. 'अमुक' जितकं ठळक, तितकं चांगलं. आता आपल्याकडे दिवसाला पाच अजाना आहेत. 'आज संध्याकाळी फाईल बघेन' म्हणू नका. 'मगरीबची नमाज झाली, जानमाज घडी करून ठेवली, की कपाटातली निळी फाईल काढीन' असं म्हणा. जानमाज आणि फाईल शेजारी-शेजारी ठेवा. आणखी एक गोष्ट नमाजेनं आपल्याला शिकवून ठेवली आहे, तिचा आपण बाहेर उपयोग करत नाही. नमाजेत उभ्या असलेल्या आईला तीन वर्षांचं पोरसुद्धा फार वेळ हाक मारत नाही, त्याला कळतं की हे संपेल आणि मग ती बोलेल. फोन वाजला तर वाजू दे, असं आपण किती सहज म्हणतो! तशीच पंचवीस मिनिटं घरात कोणाच्या तरी अभ्यासाला, कोणाच्या तरी अर्जाला द्या. इटलीच्या फ्रान्सिस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती अशी पद्धत काढली. आपल्याकडे टोमॅटोचं घड्याळ नसेना, डाळीचा कुकर आहे. चढवल्यापासून उतरेपर्यंत एक धडा बसतो, मी मोजून बघितलं आहे.

उलट काही गोष्टी जरूर ढकलाव्यात. रागात टाईप केलेला मेसेज. नणंदेच्या बोलण्याचं उत्तर. हप्त्यावर घ्यायचा मोठा टीव्ही. मुलीच्या स्थळाला त्याच बैठकीत 'हो' म्हणणं. या बाबतीत आपण इतके तत्पर का असतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

वारसा, बहिणींचा हिस्सा, दोन पिढ्यांपूर्वी गेलेल्या आजोबांच्याच नावावर असलेला सातबारा, न दिलेला मेहर, हेही सगळं याच पोत्यातलं आहे. पण त्यात भीतीपेक्षा आणखी काही असतं, आणि त्यावर वेगळं लिहावं लागेल.

सध्या एवढंच करा. या आठवड्यात, जुम्म्याच्या नमाजेनंतर जेवणं झाली की, मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचं प्रगतिपुस्तक दस्तरखानावर शेजारी-शेजारी मांडा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव आणि जन्मतारीख, एवढं अक्षरन् अक्षर जुळवून बघा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मोठ्यानं वाचायचं काम मुलाकडेच द्या, त्याला मजा येते. कुठं फरक दिसला तर त्यावर पेन्सिलीनं गोल करा आणि सोमवारी शाळा भरली की वर्गशिक्षकांकडे या. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षकखोलीतच असतो.